मंगळवारी फाइल मागणाऱ्या बाई

बाई सकाळी कार्यालयात आल्या की चप्पल बाहेर काढत, आतल्या खोलीत जात आणि काळ्या डब्याच्या पाठीला हाताची उलटी बाजू लावत. ताप पाहावा तशी. खोलीत तापमान दाखवणारे यंत्र होते, ते मीच बसवले होते. बाई त्याच्याकडे पाहत नसत. एकदा यंत्र सगळे ठीक दाखवत असताना त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "सर, मोठीले कसंतरी होऊन राह्यलं." मोठी म्हणजे तो डबा. त्याचा मागचा पंखा बंद पडला होता. यंत्राने ते पाऊण तासाने सांगितले.

मला बाईंचा मत्सर वाटत असे. हे आधीच नोंदवलेले बरे.

कार्यालय चंद्रपुरात होते. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या गावांना वनहक्काचे दावे तयार करायला मदत करणारी ती संस्था. दाव्याला जुने कागद लागतात, नकाशे लागतात आणि म्हाताऱ्या माणसांचे जबाब लागतात. गावाचे जंगल कुठून कुठपर्यंत, देव कुठे बसतात, मोह कोण कुठे वेचत आले, हे सांगणारे जबाब. कागदांना वाळवी लागते आणि म्हातारी माणसे जातात, म्हणून सगळे स्कॅन करून आणि चित्रित करून ठेवायचे, अशी पद्धत होती. ठेवण्यासाठी नेटवर्कला जोडलेला साठवणीचा डबा होता, आत आठ डिस्क असलेला. त्यातल्या सगळ्याची प्रत घेणारा दुसरा, लहान डबा गडचिरोलीच्या शाखेत होता. बाई पहिल्याला मोठी म्हणत, दुसऱ्याला धाकटी. बॅकअपचे सॉफ्टवेअर आणि हे दोन डबे एकमेकांशी नीट जोडून ठेवणे, ही माझी नोकरी.

त्याआधी मी नागपूरला एका दैनिकाच्या संगणक विभागात होतो. माझ्याकडे तीन प्रमाणपत्रे होती. बाईंकडे टायपिंगची परीक्षा होती. त्या संस्थेत टंकलेखक म्हणून आल्या, मग संगणकावर बसल्या, आणि डबा आला तेव्हा त्याच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे होती म्हणून डबाही त्यांच्याकडे गेला. माझी नेमणूक झाली त्या दिवशी संचालकांनी मला सांगितले, "तुम्ही तांत्रिक बाजू बघा. बाकी बाई बघतात." बाकी म्हणजे काय, हे मला कळायला एक मंगळवार लागला.

मंगळवारी जेवणानंतर बाई फाइल मागत. बॅकअप झाल्याचा हिरवा ठिपका रोज सकाळी पडद्यावर येई. बाई त्याला मोजत नसत. "देल्लं म्हनते ना धाकटीले? मंग मागून पाहू," असे म्हणत त्या व्हरांड्यात जात आणि जो कोणी असेल त्याला आत आणत. पाण्याचे कॅन देणारा, कुरिअरवाला, दाव्याच्या कामाला आलेला गावकरी. कार्यालयातला माणूस चालत नसे. "आपल्याले आपलं सगळंच बरोबर दिसते," हे त्यांचे कारण. त्या माणसाला खुर्चीवर बसवून त्या विचारत, "गाव सांगा. साल सांगा." तो जे सांगेल त्या गावाची एक फाइल त्या गडचिरोलीहून परत आणत. ती उघडून त्या माणसाने मोठ्याने वाचायची, चित्रफीत असेल तर काय दिसते ते सांगायचे. पूर्ण झाले की बाई एकच शब्द बोलत, "आली." मग चहा. तोवर कोणालाही चहा नाही.

एकदा मुंबईहून आलेले एक मोठे अधिकारी त्या वेळी व्हरांड्यात सापडले. बाईंनी त्यांनाही बसवले. त्यांनी तलाठ्याचा चार पानी जुना पंचनामा अडखळत वाचून काढला. तिसऱ्या पानावर ते थांबले, तर बाई म्हणाल्या, "अजून एक हाय, साहेब." त्यांनी तेही वाचले. जाताना ते संचालकांना म्हणाले की इतकी साधी चाचणी त्यांनी कुठे पाहिली नव्हती. त्याच सकाळी मी त्यांना बॅकअपच्या रचनेची तीस पानी मांडणी दाखवली होती. तिच्याविषयी ते काही बोलले नाहीत.

ही सवय बाईंची सगळीकडची होती. ऑक्टोबरात त्या दोन दिवस रजा घेऊन दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर बसत. विकायच्या आधी प्रत्येक पुस्तक उघडून पाने मोजत. मागे रांग लागे. कोणी घाई केली तर म्हणत, "घरी जाऊन सोळा पानं कमी निघाली तं मले शिव्या देसान. थांबा." लोक थांबत. मी ते स्वतः पाहिले आहे. मी दुसऱ्या स्टॉलवरून पुस्तक घेतले.

सॉफ्टवेअरच्या कंपनीशी त्या हिंदीत बोलत. एकदा नवी आवृत्ती आल्यावर एक नकाशा अर्धाच परत येऊ लागला. कंपनीचा मुलगा फोनवर सांगत होता की अहवालात सगळे बरोबर आहे. बाई शांतपणे म्हणाल्या, "भैया, आपका अहवाल सही होगा. मैं मना नहीं करती. मेरा नक्शा आधा है. बाकी आधा किधर है, उतना बोलो." हे त्यांनी चार दिवस, दिवसातून दोनदा विचारले. पाचव्या दिवशी कंपनीने दुरुस्ती पाठवली. पुढे तो मुलगा नवी आवृत्ती निघण्याआधी बाईंना फोन करू लागला. माझा क्रमांकही त्याच्याकडे होता.

गावांचे लोक तर थेट त्यांच्याकडेच जात. एका मंगळवारी धानोऱ्याकडचा एक म्हातारा व्हरांड्यात होता. त्याने आपल्याच गावाचे नाव घेतले आणि जी फाइल परत आली ती त्याच्या मेलेल्या भावाच्या जबाबाची होती. त्याने काय दिसते ते सांगितले नाही. पडद्याकडे पाहत राहिला. संपल्यावर म्हणाला, "बाई, अजून एकडाव." बाईंनी तीनदा लावली. त्यानंतर लोक मंगळवार पाहून येऊ लागले. येताना चारोळी, मध, वाळवलेली मोहफुले आणत. माझ्या टेबलापाशी थांबत ते एवढेच विचारायला, "सर, बाई कुठी हायेत?" मी हाताने आतली खोली दाखवत असे. मला ते सर म्हणत आणि बाईंना बाई. यात मान कोणाला जास्त, हे मला तेव्हाही कळत होते.

आमचा उघड वाद एकदाच झाला, फाइलींच्या नावांवरून. बाईंनी सगळ्या ऑपरेटरांना शिकवले होते की जबाबाच्या फाइलीला पूर्ण नाव द्यायचे. गाव, टोला म्हणजे गावातली वस्ती, बोलणाऱ्या माणसाचे नाव, तो कोणाचा मुलगा किंवा ती कोणाची मुलगी, कोणाची बायको आणि काय सांगितले तेही. सगळे मराठीत. एकेका फाइलीचे नाव दोन ओळींचे होई. मी अक्षर-आकड्यांचे लहान संकेतांक सुचवले. बाईंनी माझा कागद वाचला आणि परत दिला.

"माह्या घरी चार बकऱ्या हाय, सर. मी त्यायले बी नंबर नाई टाकला."

"पण शोधायला सोपं जाईल, बाई."

"कोनाले? आजी इथी येऊन म्हनन का, माह्या सतरा नंबर काढा?"

ऑपरेटर मुली हसल्या. संचालकही हसले. नावे तशीच राहिली. नकाशे आणि कागद मात्र माझ्या संकेतांकांनी ठेवायचे ठरले, कारण ते बाईंना चालत होते.

माझ्या नोकरीच्या पाचव्या वर्षी, फेब्रुवारीत, मी गडचिरोलीच्या डब्यातल्या फोल्डरला कुलूप लावले. म्हणजे डबा चोरीला गेला तरी आतले कोणाला वाचता येऊ नये अशी सोय केली. निर्णय योग्य होता, आजही मी तोच घेईन. जागा कमी होती, म्हणून जुनी उघडी प्रत पुसून कुलपाच्या फोल्डरमध्ये सगळे नव्याने भरले. सकाळी हिरवा ठिपका आला.

ठिपक्याखाली पिवळ्या अक्षरांत एक ओळ होती, काही फाइली वगळल्या. सॉफ्टवेअर असे बारीकसारीक नेहमीच सांगते. मी ती ओळ उघडून पाहिली नाही. पण रोजचा अहवाल बाईंनाही मेलने जात असे, आणि बाई ती ओळ उघडतील, मग व्हरांड्यातून कोणाला तरी आणतील, मग सगळ्यांसमोर मला विचारतील, हे माझ्या डोळ्यांसमोर आले. मी अहवालाच्या यादीतून त्यांचे नाव काढले. कारण म्हणून संचालकांना सांगितले की बाईंना उगाच फार मेल जातात. त्याच आठवड्यात मंगळवारची चाचणी चंद्रपूरच्याच डब्यातून घ्यायची असे मी ठरवले. कुलपामुळे गडचिरोलीहून फाइल यायला वेळ लागतो, हे कारण दिले. तेही खरे होते.

बाई दर मंगळवारी म्हणत, "सर, हे तं मोठीनंच देल्लं. धाकटीकडून आनून दाखवा ना." मी म्हणे, "लाइन मोकळी झाली की करू." मार्च गेला, एप्रिल गेला.

मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात, आतल्या खोलीचा एसी शनिवारी बंद पडला आणि सोमवारी कळले. मोठ्या डब्याच्या तीन डिस्क गेल्या. दोन गेल्या असत्या तर डब्याने सांभाळून घेतले असते. नागपूरच्या दुरुस्तीवाल्याने डिस्क तशाच परत पाठवल्या. मी शांत होतो. नवा डबा आणला, गडचिरोलीची प्रत परत भरायला लावली. दुसऱ्या दिवशी नकाशे आले, कागद आले. जबाबांचे फोल्डर जवळजवळ रिकामे होते.

कारण शोधायला मला एक तास लागला. कुलपाच्या फोल्डरमध्ये फाइलीच्या नावाला जागा कमी मिळते, आणि मराठीचे एकेक अक्षर, काना-मात्रासुद्धा, इंग्रजी अक्षराच्या तिप्पट जागा घेते. चाळीस-पंचेचाळीस अक्षरांपुढचे नाव त्यात मावत नव्हते. माझ्या संकेतांकांच्या फाइली सगळ्या आत गेल्या होत्या. बाईंनी नाव दिलेली म्हातारी माणसे बाहेर राहिली होती. कॅमेऱ्याची कार्डे पुसून पुन्हा वापरली जात, आणि जबाब कागदावर उतरवण्याचे काम रांगेत होते.

बहुतेक गावांत पुन्हा जाऊन चित्रीकरण करता आले असते. पोंभुर्ण्याकडच्या एका गावाची सुनावणी मात्र बारा दिवसांवर होती. त्या गावाची उत्तरेची हद्द एकट्या एका आजीला पाठ होती. तिने ती चालत चालत कॅमेऱ्यापुढे सांगितली होती, झाडाझाडाने. थंडीत ती वारली. तिचा नातू, तिशीतला शेतकरी, सुनावणीसाठी चित्रफीत न्यायला आला. बाईंनी त्याला खुर्ची दिली आणि सांगितले, "नाई राह्यली, बाबू."

"काय नाई राह्यली?"

"तुया आजीचं बोलनं. आमच्याकडून गेलं."

तो म्हणाला, "आजी गेली तवा मी रडलो नाई, बाई. म्हनलं, तुमच्याकडे हाय." बाईंनी त्याचा हात धरला. मी दारात होतो. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, आणि अशा वेळीही मला ते लागले.

संचालकांनी बैठक बोलावली आणि मला कारण विचारले. मी उभा राहून सांगितले की फाइलींची नावे मर्यादेपेक्षा लांब होती, म्हणून सॉफ्टवेअरने त्या वगळल्या, आणि नावे ठेवण्याची पद्धत बाईंची होती. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. पाच वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत सगळे माझ्याकडे पाहत होते.

बाई म्हणाल्या, "हो. नावं माह्यी." मग त्यांनी मला विचारले, "धाकटीनं सांगतलं होतं का, सर, का हे मावत नाई म्हनून?"

"नोंदीत होतं."

"बरं," त्या म्हणाल्या. संचालकांनी ती नोंद कोणाला जात होती हे विचारले नाही. बाईंकडून मंगळवार काढून घेण्यात आला. चाचणी यापुढे मी करणार होतो.

सुनावणीला बाई गेल्या, आणि जीप मी चालवत होतो. गावाने दोन म्हातारे आणले होते. पूर्वेची आणि दक्षिणेची हद्द त्यांनी बरोबर सांगितली. उत्तरेला आल्यावर एकजण नाल्याच्या अलीकडे म्हणाला, दुसरा पलीकडे. दोघे एकमेकांना गोंडीत समजावू लागले, पण जुळले नाही. उत्तरेचा तुकडा पुराव्याअभावी दाव्यातून वगळला गेला. गावाच्या मोहाची मुख्य झाडे त्याच तुकड्यात होती. अपिलाला साठ दिवस होते.

परतीच्या वाटेवर बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. मग म्हणाल्या, "माह्यं नाव यादीतून काढलं तुमी, फेब्रुवारीत."

मी गाडी हळू केली. "तुम्हाला कधी कळलं?"

"मेल बंद झाले तवाच. मले वाटलं, लावतीन परत. बैठकीच्या आदल्या दिवशी यादी उघडून पाह्यली."

"मग बैठकीत का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं तुमाले काढलं असतं. मंग हे डबे जोडून कोन देईन? मले तं जोडता येत नाई." त्यांनी पदराने मान पुसली. "दुसरा मानूस येईपर्यंत चार महिने जातीन. तवापर्यंत बाकीच्या गावायचं काय?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. उपकारही नव्हते. पाच वर्षे मी बाईंशी चुरस करत होतो, आणि त्यांनी मला एक लागणारा माणूस म्हणून मोजले होते, डब्यासारखे. क्षमा केली असती तर मला सोपे गेले असते.

मी बाईंना न सांगता त्या गावी गेलो. रविवारी सकाळी मोटारसायकलने, पोंभुर्ण्यावरून आत. गावात ग्रामसभा होती. समाजमंदिरापुढच्या मांडवात चटया टाकून लोक बसले होते, एका बाजूला बाया, एका बाजूला माणसे. नातवाने सांगितले, "संस्थेचे सर आले हाय. काहीतरी बोलतो म्हनते." मी उभा राहिलो आणि बातमी सांगावी तसे क्रमाने सांगितले. कुलूप कधी लावले, पिवळी ओळ कधी आली, यादीतले नाव कोणी काढले. जबाब खरोखर घेतला गेला होता, आमच्याकडे होता आणि माझ्या हातून गेला, हे मी लिहून, सही करून आणले होते. अपिलाला तो कागद लावता येईल, हे सांगितले.

नातू म्हणाला, "म्हंजे तो डबा सांगून राह्यला होता, आन तुमी आयकू देल्लं नाई."

"हो."

"काऊन?"

मी म्हणालो, "सगळे बाईंचंच ऐकतात, ते मला बघवत नव्हतं."

मागे कोणीतरी हसले. एका म्हाताऱ्याला ऐकू आले नव्हते. शेजारच्याने त्याला ते गोंडीत सांगितले. चार शब्दांत झाले. म्हाताऱ्याने मान वळवून मला नीट पाहून घेतले. नातवाने कागद घेतला, दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला. आभार मानले नाहीत. मला त्यांची अपेक्षा नव्हती, पण दुसऱ्या कशाची तरी होती. मी एकटा आलो होतो त्याचे कारण तेच होते. निदान एवढे तरी माझ्या एकट्याच्या नावावर जमा व्हावे.

बायांच्या बाजूने एक म्हातारी पुढे सरकली. तिने मला विचारले, "बाई काऊन नाई आल्या?"

"त्यांना मी सांगितलं नाही."

"मंग सांगा ना. बोलवा त्यायले." ती शेजारणीला कोपराने ढोसून म्हणाली, "सरक वं थोडी."

बाई तेव्हा चंद्रपुरात होत्या, तासाभराच्या वाटेवर. तरी चटईवर एक जागा झाली. मी खिशातून फोन काढला. मी उभाच होतो.